समुद्रपिचकारीच्या पोस्टरवरचा एक शब्द

इरा आणि नील,

गेल्या महिन्यात नीलनं मला एक फोटो पाठवला. ऑकलंडच्या धक्क्यावर ओढून ठेवलेली एक बोट, तिचं बूड, आणि बुडाला लटकलेली तपकिरी, सुरकुतलेली, ओलीगच्च बोचकी. खाली एकच ओळ : "आजी, ही घाण काय आहे?" मी उत्तर लिहायला बसले. तीन पानं झाली तरी घाणीपर्यंत पोचले नाही, तेव्हा हे फोनवर मावणार नाही असं लक्षात आलं. त्याच सुमारास इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "नोकरीतले अनुभव लिहा, प्रेरणादायी असावेत." मी विचारलं, प्रेरणादायी काही नाही, घाण आहे, चालेल का? पानं रिकामी असावीत. चालेल म्हणाले.

आधी माझा धंदा सांगते. तुमची आई तुम्हांला 'आजी प्रोफेसर होती' असं सांगते, त्यात हवा फार आहे. मी बेळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. म्हणजे सकाळी बरण्या पुसायच्या, दुपारी त्या मुलांना दाखवायच्या आणि परीक्षेत त्याच बरण्यांवर प्रश्न विचारायचे. बरण्यांत फॉर्मलिन, आणि फॉर्मलिनमध्ये समुद्र. खरा समुद्र घाट उतरून चार-पाच तासांवर, त्यामुळं आमच्या बहुतेक मुलांना समुद्र हा पिवळट रंगाचा आणि डोळ्यांना झोंबणारा पदार्थ वाटे. प्रत्येक बरणीवर मी छापील अक्षरांत चिठ्ठी लावत असे : नाव, ठिकाण, तारीख. आता हळद-तिखटाच्या डब्यांवर लावते. तुमची आई याला आजार म्हणते.

तर नील, फोटोतली ती घाण तुझ्या भाऊबंदांपैकी आहे. शिंपले, खेकडे, गोगलगाई तिच्यापेक्षा तुला कितीतरी दूरच्या. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत आपल्याला सगळ्यांत जवळचं हेच बोचकं. चामड्यासारखी पिशवी, तिला दोन तोंडं. एकातून पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाण्याजोगं गाळून घ्यायचं, दुसऱ्यातून पाणी बाहेर. आयुष्यभर एवढंच. हात लावला की अंग आक्रसून पाण्याची चिळकांडी सोडते. म्हणून मी तिला समुद्रपिचकारी म्हणत आले. पुस्तकात जे नाव आहे ते उच्चारेपर्यंत तास संपायचा. कारवारच्या जेट्टीवरच्या एका माणसाला मी एकदा विचारलं होतं, "याला तुमच्यात काय म्हणतात?" तो म्हणाला, "खरवडायचं, म्हणतात."

भाऊबंदकीचा पुरावा तिच्या लहानपणात असतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू बेडकाच्या पिल्लासारखं दिसतं. शेपूट, शेपटीत पाठीच्या कण्याची पहिली रूपरेषा असावी अशी दांडी, डोळ्याचा एक ठिपका, तोल कळण्यासाठी एक कण आणि इवलासा मेंदू. एवढा सगळा संसार घेऊन ते काही तास पोहतं, फार तर एखादा दिवस. मग डोकं पुढं करून खडकाला चिकटतं आणि शेपूट, दांडी, डोळा, बराचसा मेंदू, सगळं स्वतःतच जिरवून टाकतं. उरते पिशवी. हे शिकवत असताना एकदा मागच्या बाकावरचा पिरनवाडीचा मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, आमचा मामा पंचायतीत निवडून आल्यावर सेम असंच झालं." मी त्याला बाहेर काढलं नाही. इतकं नेमकं उत्तर वर्गात क्वचित मिळतं.

तिचं हृदयही विचित्र. काही वेळ एका दिशेनं रक्त ढकलतं, क्षणभर थांबतं, मग उलट दिशेनं. मी वर्गात म्हणायची, हे हृदय बेळगावचं आहे, सकाळी मुंबईकडं, दुपारी बेंगळुरूकडं. या वाक्याला मात्र कुणी हसायचं नाही. हृदयाच्या बाबतीत आमच्याकडं विनोद चालत नाही. पुढं जे घडलं त्याची खूण मला तेव्हाच पटायला हवी होती.

घरातही ही पिचकारी एकदा गाजली. आपलं घर जैन, चिकोडीकडच्या शेतकऱ्यांचं. कांदा नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही, आणि सून बेडूक कापून पगार आणते. सासूबाईंनी यावर तोडगा काढला होता : मी आल्यावर आधी आंघोळ करायची, मग स्वयंपाकघरात यायचं, आणि दिवसभर काय केलं ते त्या विचारणार नाहीत. पण एकदा मी चित्र रंगवत होते तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"हे काय गं, वांगं?"

"समुद्रातला जीव आहे."

"किती इंद्रियं हैत त्येला?"

आपल्याकडं जीव इंद्रियांवर मोजतात. झाडाला एक, मुंगीला तीन, माणसाला पाच. मी प्रामाणिकपणे सांगितलं, लहानपणी डोळा असतो, तोल कळतो, मोठेपणी त्यातलं काही उरत नाही. अंगावरचं आवरण तर झाडात असतं तसल्या पदार्थाचं असतं.

त्यांनी चित्र दूर सारलं. "असं कुठं असतंय? एकाच जन्मात इंद्रियं खाली येत न्हाईत." मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांस्नी बघितलं तर येतात म्हणायला पायजे."

आता बोटीच्या बुडाकडं येऊ. जो प्राणी जन्मात काही तास पोहतो तो एका खंडातून दुसऱ्या खंडात जातो कसा? आपण नेतो म्हणून. जहाजाच्या बुडाला, दोरखंडाला, शिंपल्यांच्या शेतीच्या जाळ्याला चिकटून तो फुकट प्रवास करतो. नव्या बंदरात त्याला खाणारं कुणी ओळखीचं नसलं की पसरतो. शिंपल्यांवर थर चढवून त्यांचं अन्न पळवतो, जाळी इतकी जड करतो की ती तुटतात. काही जाती वसाहत करून राहतात, त्या तर आणखी बेरकी. वैतागून खरवडून तुकडे पाण्यात टाकले की प्रत्येक तुकड्याची नवी वसाहत होऊ शकते. साफसफाई करणाराच त्यांचा प्रसार करतो. म्हणून तुमच्याकडं बोटीचं बूड साफ ठेवायला सांगतात आणि खरवडलेलं पाण्यात टाकू देत नाहीत.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी सुजाता नावाची निपाणीची मुलगी एम.एस्सी.ला होती. आजोबा तंबाखूच्या वखारीत हमाल, वडील शाळामास्तर, घरात आंबेडकरांचा फोटो आणि पुस्तकांची दोन कपाटं. समुद्र तिनं पहिल्यांदा आमच्या सहलीत पाहिला. बाकीची मुलं फोटो काढत होती तेव्हा ही जेट्टीच्या खांबाशी उकिडवी बसून खांब बघत होती. परत आल्यावर म्हणाली, "मॅडम, मी ह्यावरच करते." घराच्या उरलेल्या फरशीचे तुकडे तिनं नायलॉनच्या दोरीला बांधले, रीतसर परवानगी काढून जेट्टीवरून पाण्यात सोडले आणि वर्षभर, महिन्यातून एकदा, एसटीनं जाऊन त्यांवर काय काय चिकटलं ते मोजलं. येताना एक-दोन फरश्या ओल्या पोत्यात घालून आणायची. कंडक्टर तिला मागच्या सीटवर एकटीला बसवायचा, वासामुळं.

किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्राला सहा महिन्यांसाठी एक विद्यार्थी हवा होता. आमच्या विज्ञान प्रदर्शनाला त्यांचे तज्ज्ञ येणार, पोस्टर बघणार, बोलणार आणि एकाला निवडणार. सुजाताला ती जागा हवी होती. घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं आणि तिनं वडिलांकडून मुदत मागून घेतली होती : ही जागा मिळाली तर सहा महिने कुणी विषय काढायचा नाही, नाही मिळाली तर येईल त्या स्थळाला चहाचा ट्रे घेऊन समोर जाईन. मला हे सगळं माहीत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

पोस्टरला तिनं मराठी नाव दिलं होतं, 'कारवारच्या बंदरातली समुद्रपिचकारी : कुठून आली, ठाऊक नाही'. मला ते आवडलं नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्या बाईला शीर्षक कसं ठाम लागतं. "संशोधनाच्या शीर्षकात 'ठाऊक नाही' लिहितात का?" मी म्हटलं आणि लाल पेनानं सगळं खोडून वर लिहिलं, 'कारवारच्या बंदरातले घुसखोर'. खाली एक ओळही घातली, 'बाहेरून आले, चिकटले, पसरले. मूळच्यांचा श्वास कोंडला'. मला ती फार चटपटीत वाटली.

सुजाता म्हणाली, "मॅडम, पण ही बाहेरचीच आहे असं सिद्ध कुठं झालंय?"

मी म्हटलं, "लोक थांबले पाहिजेत पोस्टरपाशी."

लोक थांबले.

नियमाप्रमाणं वर मोठ्या अक्षरांत कन्नड, मग इंग्रजी, मग मराठी. कन्नड विभागातल्या सरांनी भाषांतरात 'अतिक्रमणकाररु' असा शब्द घातला. शुक्रवारी सकाळी पोस्टर लागलं. दुपारपर्यंत त्याचे दोन फोटो गावभर फिरत होते. एकात फक्त कन्नड ओळ कापून घेतलेली, एकात फक्त मराठी. जगात इतर ठिकाणी माणसं एकमेकांची भाषा कळत नाही म्हणून भांडतात. आमच्याकडं दोन्ही भाषा सगळ्यांना उत्तम येतात, म्हणून भांडण दुप्पट होतं. आणि 'कारवार' हा शब्द तुमच्या नकाशात गावाचं नाव असेल, आमच्याकडं तो सीमावादाच्या घोषणेतला आहे. तो 'घुसखोर'च्या शेजारी बसवणारी माझ्यासारखी बाई एक तर शूर असते, नाही तर निव्वळ प्राणिशास्त्राची.

तीन वाजता प्राचार्यांनी बोलावलं. सोफ्यावर दोन संघटनांचे दोन पुढारी शेजारीशेजारी बसले होते. येळ्ळूरचा पुंडलिक मराठीवाला, हिंडलग्याचा बसवराज कन्नडवाला. दोघंही माझेच विद्यार्थी, एकाच प्रॅक्टिकलच्या तुकडीतले, आणि दोघांनीही याच पिचकारीच्या चित्रात दोन्ही तोंडांची नावं उलटी लिहिली होती. सुजाता दाराशी उभी होती.

"तुमी आमच्या मॅडम, म्हणून हितं बसून बोलतोय," पुंडलिक म्हणाला. "न्हाईतर भाईर बोललो असतो."

"बाहेर बोललास की सकाळी. ऐकलं मी."

"व्हय, पण तवा तुमी दिसला न्हवता." मग त्यानं फोन पुढं केला. "कानडीत मोट्या अक्षरात अतिक्रमणकाररु. कुणाला म्हंतायसा ते कळतंय की. आज्ज्याच्या आज्ज्यापासून गोठा हाय आमचा येळ्ळुरात, आणि अतिक्रमणवाले आमी?"

"आणि खाली घुसखोर, ते कुणाला री?" बसवराज म्हणाला. "कारवारात आम्ही आहोत, म्हणजे आम्हालाच. मराठी मला वाचायला येतंय, मॅडम. ह्या पुंडल्यापेक्षा चांगलं येतंय."

"येणारच. माझ्या पेपरात बघून शिकलास," पुंडलिक म्हणाला.

प्राचार्य दोन्ही हात वर करून म्हणाले, "अहो, हा प्राणी आहे, प्राणी!"

"प्राणी कुणाला म्हणाला?" दोघं एकदम.

सुजातानं दारातूनच सांगायचा प्रयत्न केला की समुद्रात चिकटून राहणारी ही एक पिशवी आहे, तिला भाषा नाही. बसवराजनं विचारलं, "मग मूळ कुठली ती?" सुजाता म्हणाली, "तेच तर अजून..." पण तिला कुणी पुरं बोलू दिलं नाही. मूळ हा शब्द निघाला की आमच्याकडं उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही.

शेवटी प्राचार्य माझ्याकडं वळले. "मॅडम, प्राणी बदला."

"म्हणजे?"

"फुलपाखरू ठेवा. फुलपाखराबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं." मग पोस्टरचा फोटो टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "हा शब्द कुणी घातला? कुणाचं तरी नाव मला ह्यांना सांगावं लागेल."

मुलांनो, त्या खोलीत मी काय केलं ते सांगते. मी टेबलावरच्या काचेच्या वजनाकडं बघत बसले. त्यात एक रंगीत भोवरा होता. मला काय होणार होतं? निवृत्तीला वर्ष उरलं होतं, पेन्शन पक्कं होतं, समोरचे दोघं माझ्या पाया पडणारे. फार तर प्राचार्यांनी चार दिवस चहाला बोलावलं नसतं. तरी तोंड उघडेना. आधी वाटलं, 'आमचा' म्हणावं. मग वाटलं, 'भाषांतरात चूक झाली' म्हणावं. ही सगळी वाक्यं मी मनात व्याकरणासह तपासत होते.

"मी घातला, सर," सुजाता म्हणाली.

प्राचार्यांना सुटल्यासारखं झालं. नेत्यांनाही. निपाणीची मास्तरची पोरगी, चुकली, लहान आहे. "उद्या तू हॉलमध्ये यायचं नाहीस. नाव यादीतून कमी," प्राचार्य म्हणाले. पुंडलिक जाताना तिला म्हणाला, "शिक्षण घ्या, पण बघून लिवा." बसवराजनं मान डोलावली. त्या दिवसात दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

शनिवारी सकाळी मी पुष्पगुच्छ घेऊन पोर्चमध्ये उभी होते. हॉलमध्ये तिच्या जागेवर फुलपाखरं लागली होती. तज्ज्ञ गाडीतून उतरले, उन्हानं रापलेले, चपला घातलेले गृहस्थ. प्राचार्यांनी हात पुढं केला, आणि ते एकदम थांबून हवेत वास घेऊ लागले. सायकल स्टँडजवळच्या नळावर सुजाता फरश्या धूत बसली होती. हॉलमध्ये यायचं नाही असं सांगितलं होतं, नळावर बसायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. ज्या वासानं आमचे शिपाई नाक धरत, त्या वासाकडं हे गृहस्थ माहेरच्या माणसाची हाक आल्यासारखे चालत गेले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. मागून प्राचार्य, मागून मी, गुच्छासकट.

त्यांनी एक फरशी उचलली. "किती दिवस पाण्यात?"

"चार महिने, सर. ही सावलीतली. उन्हातल्या फरशीवर कमी धरतात."

"आणि ही मोठी जात? इथलीच की आलेली?"

"ठाऊक नाही, सर," सुजाता म्हणाली. "जहाजं शेकडो वर्षं येताहेत, आणि आधी कुणी नोंदच ठेवलेली नाही. पहिली नोंद झाली तेव्हा ती होतीच. नुसत्या रूपावरून ठरवता येत नाही."

त्यांनी फरशी खाली ठेवली. "पोस्टर कुठं आहे तुझं?"

"उतरवलं. शब्द चुकला होता त्यात."

"कुठला?"

"घुसखोर."

ते हसले. "बरं झालं उतरवलंस. आमच्यातल्याही अर्ध्या लोकांना ही खोड आहे. ठाऊक नसलं की ठसठशीत शब्द लावून मोकळे होतात." मग उभं राहून त्यांनी विचारलं, "मार्गदर्शक कोण तुझे?"

तिनं ओल्या हातानं माझ्याकडं बोट केलं.

प्राचार्य फार चपळ गृहस्थ. "आमच्या मॅडमचं बारकाईनं लक्ष असतं, एकेक शब्द तपासतात," असं म्हणत त्यांनी माझ्या हातातला गुच्छ काढून तज्ज्ञांना दिला, आणि तज्ज्ञांनी तो कौतुकानं परत मलाच दिला. मी घेतला. फोटोही निघाला. तुमच्या आईनं तो फ्रेम करून तुमच्या हॉलमध्ये लावलाय, त्यातली आजी कशानं अवघडली आहे हे तुम्ही आजवर विचारलं नाहीत.

जागा सुजाताला मिळाली. सहा महिन्यांची होती ती पुढं पीएच.डी.पर्यंत गेली, आणि आता ती त्याच किनाऱ्यावर बोटींची बुडं तपासते. स्थळं येऊन गेली. एक तिनं स्वतःच ठरवलं.

हे लिहायचं ठरवल्यावर मी तिला फोन केला. परवानगी मागायला हवी होती, आणि दुसरंही एक सांगायचं होतं. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, शब्द माझा होता, मला वाईट वाटतं, असं मी इतक्या वर्षांनी, मुद्दे कागदावर काढून, क्रमानं सांगितलं.  तिच्या मागं कुणीतरी पाईपनं पाणी मारत होतं.

"लिवा की, मॅडम," ती घरच्या बोलीत म्हणाली. "आणि वाईट नका वाटून घेऊ. तुमी बोलणार न्हाई हे मला त्या खोलीत शिरतानाच कळलं होतं. म्हणून मी घाई केली."

"घाई कसली?"

"तुमी काहीतरी खोटं बोलायच्या आत."